माळ्यावरची घासलेटची चूल

आमच्या घरात घासलेट आलं ते ओटीवर, आणि पुढची बरीच वर्षं ओटीच्या आत पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. वडील ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. संध्याकाळी घरी कागद वाचायची त्यांना सवय. एरंडेलाच्या दिव्यात अक्षर लागेनासं झालं तेव्हा त्यांनी मुंबईहून काचेची चिमणी असलेला घासलेटचा दिवा मागवला. पहिले दोन दिवस सगळ्यांनी वासाने नाकं मुरडली. तिसऱ्या दिवसापासून आळीतले चार गृहस्थ त्याच दिव्याखाली वर्तमानपत्र वाचायला येऊन बसू लागले. हे तेल कुठल्या मुलखातून येतं, कोणाकोणाच्या हातांतून येतं, असं तेव्हा एकानेही विचारलं नाही. पुरुषांच्या डोळ्यांचा प्रश्न होता, तो चुटकीसरशी सुटला.

आईच्या डोळ्यांचा प्रश्न तसा सुटला नाही, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा आहे. वडील गेले, भटजी गेले. त्यांच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, आणि इतकी वर्षं मी तेच करत आलो. आता माझंच वय झालंय, म्हणून एकदा खरं काय ते लिहून टाकतो.

आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला होतं. त्याला एकच खिडकी, ती बोळाकडे उघडायची. बोळातून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर सोवळ्याच्या अन्नावर पडते म्हणून वडिलांनी ती खिळे ठोकून बंद केली होती. धूर जायला वर कौलांत एक फट होती, आणि पावसाळ्यात तीही झापांनी झाकायची. खाली मातीची चूल. तिच्यापुढे सकाळी आंघोळ करून, धाबळी नेसून आई बसायची. सोवळ्यात असताना तिला कोणी शिवायचं नाही आणि तिने बाहेर यायचं नाही. आधी स्वयंपाक, मग नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, मग तिचं स्वतःचं जेवण. एवढं सगळं होईपर्यंत ती त्या धुरात असे. पावसाळ्यात सरपण भिजलेलं असलं की माजघरातून आम्हांला आई दिसायचीच नाही. फुंकणीचा आवाज यायचा आणि मधूनमधून खोकला. आम्ही पाटावर बसून म्हणायचो, "आई, वाढ ना लवकर."

नौपाड्यातून एक आगरीण गोवऱ्या घेऊन यायची. जन्म मिठागरात गेलेला, जिभेने तिखट. एकदा परसात पाटी उतरवता उतरवता आईचं तोंड बघून ती थबकली. "आगो बाय, तुजं डोलं कवरं लाल झालं! आमी पडवीन रांधताव, वाऱ्याला. तुमी येवरी शिकलेली मानसा, आन असं कोंडून रांधताव?"

आई नुसती हसली. ओटीवरून वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, या लोकांना सोवळं काय कळणार. ती बाई आईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. पण परसातल्या कुंपणापलीकडे चरणारी कोंबडी कोणाची, हे ती बसल्या जागेवरून सांगायची.

मी मॅट्रिक होऊन मुंबईत एका विलायती पेढीत कारकून लागलो होतो. सकाळी जेवून आगगाडीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. पेढीच्या मागच्या खोलीत साहेबाच्या चहासाठी गॅसची एक लहानशी चूल होती. शिपाई चावी फिरवायचा, काडी लावायचा, की फुस्स करून निळी ज्योत उभी राहायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातातलं काम विसरून बघत राहिलो. त्या दिवशी घरी आल्यावर आईला सांगितलं. ती माजघराच्या उंबऱ्याशी बसली होती.

"लाकडं कुठे घालतात?" तिने विचारलं.

"लाकडंच नाहीत. गॅस नळातून येतो."

"पाणी येतं तसा?"

"तसाच."

"आणि धूर?"

"नाही."

"राख तरी असेल."

"तीही नाही. ज्योत निळी असते, आई. नुसती निळी."

तिने मान उडवली. "निळा विस्तव! तुझं आपलं काहीतरीच." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत म्हणाली, "मला दाखवशील एकदा?"

आईने माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. ठाण्यात गॅसचा नळ कुठून येणार? मी हसून म्हणालो, "दाखवीन की."

त्याच वर्षी तिचे डोळे फार बिघडले. सारखं पाणी गळायचं. तांदळातले खडे दिसेनात. भातात खडा लागला की वडील पानावरून मान वर करून बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. शेवटी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "बुबुळांवर फूल पडायला लागलंय. थेंब देतो, पण थेंबांनी हे थांबणार नाही. यांना धुरातून बाहेर काढा. काढलंत तर आहे तेवढी नजर राहील. नाहीतर वर्ष-दीड वर्षात काही दिसायचं नाही."

परतताना वडील चिडले होते. "धुरातून बाहेर काढा म्हणे! म्हणजे चुलीपुढून उठवा. मग चुलीपुढे बसायचं कोणी?" तलावाच्या कडेने थोडं चालल्यावर त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "आता सून आणली पाहिजे."

आईच्या डोळ्यांवर सून हे औषध आमच्या घरात कोणालाही विचित्र वाटलं नाही. मला तर मनातून गुदगुल्या झाल्या. एकीचे डोळे कामातून गेले म्हणून दुसरीचे आणायचे, असा त्याचा अर्थ होतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिली दोन स्थळं मोडली. एकांनी मी रोज आगगाडीत कोणाकोणाला खेटून बसतो म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्यांचं म्हणणं असं, की मुलगा मुंबईत नळाचं पाणी पितो, आणि नळाच्या तोटीत चामडं असतं. वडिलांनी ही गोष्ट मनाला फार लावून घेतली. तिसरं स्थळ कल्याणचं, पारनाक्याजवळचं वैदिकाचं घराणं. मुलीचे आजोबा दशग्रंथी, आणि त्यांच्या सोवळ्याची ख्याती ठाण्यापर्यंत आलेली. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा पाय धुतल्याशिवाय आम्हांला ओटीवरसुद्धा चढू दिलं नाही. वडील खूश झाले. "याला म्हणतात घर," ते म्हणाले. मला मुलगी आवडली. त्यांनाही मी, तोटीच्या चामड्यासकट, चाललो. बोलणी पक्की झाली.

आणि सिंहस्थ लागला. गुरू सिंह राशीत असेपर्यंत लग्नं नाहीत. म्हणजे वर्षाहून जास्त थांबणं आलं. औषध ठरलं होतं, पण ते हाती यायला तेरा महिने होते, आणि आईची नजर काही पंचांग बघून थांबणार नव्हती.

तेव्हा मी एक चांगली गोष्ट केली. आयुष्यात मी ज्या थोड्या चांगल्या गोष्टी अर्धवट केल्या, त्यांतली ही एक. मुंबईत एका दुकानात मला घासलेटची चूल दिसली. बिडाची होती. खाली टाकी, दोन रुंद वाती, वर भांडं ठेवायला कडी आणि पुढे ज्योत बघायला अभ्रकाची इवलीशी खिडकी. दुकानदाराने पेटवून दाखवली. वाती सारख्या कातरलेल्या असल्या की ज्योत निळी होते, म्हणाला, आणि खरंच झाली. धूर नाही. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन ठाण्याला आणली. वाटेत मी मनाशी म्हणत होतो, गॅस नाही तर नाही, निळी ज्योत तरी दाखवतो.

वडिलांनी ती पेटवू दिली नाही. "आधी भटजीबुवांना विचारू," म्हणाले. चूल ओटीवर, घासलेटच्या दिव्याशेजारी ठेवली. आई माजघराच्या दारातून बघत होती. सोवळ्यात होती, त्यामुळे पुढे येऊन हात लावणं शक्य नव्हतं.

"हीच का रे ती?"

"ती नव्हे, तिची धाकटी बहीण," मी म्हणालो. ती हसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भटजी आले. त्यांनी चुलीभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला, अभ्रकाच्या खिडकीत डोकावून पाहिलं. "रावसाहेब, शास्त्रात घासलेटाला हो नाही आणि नाहीही नाही. ऋषींनी ते पाहिलंच नव्हतं, तर लिहिणार काय? वैश्वदेव यावर नको, तो लाकडाच्या अग्नीवर करावा. बाकी अग्नी हा अग्नीच. पुढे यजमानांची इच्छा."

भटजींना मी पुढे जन्मभर नावं ठेवली. खरं तर त्या माणसाने दार अर्धं उघडून दिलं होतं. नुसतं ढकलायचं होतं.

वडील विचारात पडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघ, कल्याणची मंडळी आता येणार-जाणार, पानावर बसणार. घासलेटावर शिजलेला भात आहे असं कळलं तर आपोष्णी न घेता उठतील आणि लग्न मोडेल. लग्न तुझं आहे. शिकलेलाही तूच आहेस. वापरायची की नाही ते तूच सांग."

वडिलांनी माझं मत विचारल्याचा तो पहिला प्रसंग. भटजी माझ्याकडे बघत होते. आई दारात उभी होती, आणि तिचे लाल डोळे बरोबर माझ्या तोंडावर होते. त्या वेळी तिला तेवढं दिसत होतं. मी हो म्हणालो असतो तर त्या संध्याकाळपासून स्वयंपाकघरातला धूर बंद झाला असता. वडिलांनी शब्द दिला होता, त्यांनी तो मोडला नसता. पण मला कल्याणची ती मुलगी दिसत होती, तिसऱ्यांदा नकार येईल ही धास्ती होती, आणि पेढीतले सोबती काय म्हणतील हेही डोळ्यांपुढे होतं.

मी म्हणालो, "वर्षाचाच तर प्रश्न आहे. तोवर माळ्यावर ठेवू."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. पाठोपाठ आतून फुंकणीचा आवाज आला. चूल पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून, शिडी लावून मीच वर चढवली आणि लग्नकार्यातल्या पातेल्यांच्या मागे सरकवून ठेवली.

ते वर्ष मी कधी विसरलो नाही, आणि विसरायचा मला हक्कही नाही. आधी आईला सुई ओवता येईना. मग ती आम्हांला पावलांच्या आवाजावरून ओळखू लागली. आमटीत कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. तवा चाचपताना तिच्या बोटांना चटके बसायचे, आणि विचारलं तर म्हणायची, काही नाही, जरा वाफ लागली. मधे एकदा मी धीर करून वडिलांना म्हणालो, ती चूल काढू या का? ते म्हणाले, "आता आठच महिने राहिलेत." मला ते पटलं. पुढे पाच राहिले, तेव्हा मी विचारलंही नाही.

व्याही मंडळी दोनदा येऊन जेवून गेली. दुसऱ्या खेपेला आईच्या दोन बोटांना तेल लावलेली चिंधी होती. होणाऱ्या सासऱ्यांनी भुरका मारून आमटी संपवली आणि म्हणाले, "सोवळ्याच्या चुलीची चव काही वेगळीच!" वडिलांचा चेहरा फुलला. मीही मान खाली घालून गालातल्या गालात हसलो.

सिंहस्थ उतरला आणि लग्न झालं. सूनमुखाच्या वेळी आईला हाताला धरून आणलं. सुनेला शेजारी बसवून तिच्यापुढे आरसा धरतात, सासूने आरशात सुनेचं तोंड पाहायचं असतं. कोणीतरी आईच्या हातात आरसा दिला. तिने तो थोडा उंच धरला, थोडा खाली केला, आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "छान आहे हो माझी सून. नक्षत्रासारखी." आरसा मांडवाच्या छताकडे वळलेला होता. तो सरळ करायचा धीर कोणालाच झाला नाही, मलाही नाही.

बायको नांदायला आली. पहिल्या चार दिवसांतच ती चुलीपुढून खोकत, डोळे पुसत माजघरात यायला लागली. आई तिच्याजवळ बसून तिला कुठे काय ठेवलंय ते सांगत असे. पाचव्या दिवशी सकाळी मी पेढीत जायच्या घाईत पानावर बसलो होतो, आणि आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"होईल हो सवय," आई म्हणाली. "तुझ्या माहेरी सरपण चांगलं वाळलेलं असेल."

"सासूबाई, आमच्याकडे लाकडावर फक्त वैश्वदेवाचा भात होतो," बायको म्हणाली. "बाकी सगळं घासलेटच्या चुलीवर. दोन आहेत."

मी घास हातातच धरून राहिलो.

"वैदिकाच्या घरात?" आईने विचारलं.

"आजोबांनीच आणवल्या. तीन वर्षं झाली. आजीचे डोळे बिघडत चालले होते. आजोबा म्हणाले, अग्नीला विटाळ नसतो, बायकोचे डोळे आधी."

"आणि आता आजीचे डोळे?"

"आता बरे आहेत. फुलवाती तीच वळते."

आत चुलीतलं ओलं लाकूड तेवढं चुरचुरत होतं.

"मग आमची माणसं तुला बघायला आली तेव्हा?" आईने विचारलं.

"गोठ्यात गवताखाली लपवून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले, ठाण्याचे शिरस्तेदार फार कडक, त्यांना कळलं तर लग्न मोडतील. इथे आल्यावरही बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. पण मला आता नाही हो सहन होत." आणि ती रडायला लागली.

आई हसली. तसलं हसणं मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छाही नव्हती. खोकला येईपर्यंत ती हसली. मग भिंतीला धरून माजघराच्या दारात आली. तोंड माझ्या दिशेला होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागलेली.

"अरे, ऐकलंस ना?"

"हो."

"मग चूल खाली काढ."

त्या दिवशी मी पेढीत गेलो नाही. शिडी लावली, पातेली सरकवली. चुलीवर गंज चढला होता, वर्तमानपत्र तसंच गुंडाळलेलं होतं. मी ती घासून पुसली, ओटीवरच्या दिव्याचंच घासलेट टाकीत ओतलं, वाती कातरल्या आणि बाहेरच्या कपड्यांनिशी सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेलो. सोवळ्याचं कोणी नाव काढलं नाही. वडील ओटीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, पण ते आत आले नाहीत.

बायकोने लाकडं विझवून बाहेर काढली. धूर हळूहळू वर गेला. मी काडी लावली. आई नेहमीच्या जागी बसली होती, आणि हातात सवयीने फुंकणी घेतलेली होती.

"पेटव आता," ती म्हणाली.

"पेटलीय, आई."

चुरचुर नाही, धूर नाही. तिला कळायला काही साधनच नव्हतं. मी तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि तिचा हात चुलीवर, लांबूनच, धरला. ऊब लागली तशी ती चमकली.

"निळी आहे का रे?"

मी अभ्रकाच्या खिडकीतून बघितलं. वाती नीट कातरल्या गेल्या होत्या. मला क्षणभर वाटलं, पिवळी आहे म्हणून सांगावं, इतर कुठल्याही विस्तवासारखीच आहे, तुझं बघायचं काही राहिलं नाही म्हणून सांगावं. पण तेवढंही मला जमलं नाही.

"हो," मी म्हणालो. "निळी आहे."

"नुसती निळी?"

"नुसती निळी."

तिने मान हलवली. "जा, तिकडे ओटीवर सांग आत येऊन बघायला. डोळे शाबूत आहेत तिकडचे. आणि तूही नीट बघून ठेव. मी विचारलं की सांगता आलं पाहिजे."

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. रोज सकाळी बायको चूल पेटवायची, भात टाकायची, आणि मी पेढीत जायच्या आधी पानावर बसायचो. आई भिंतीशी बसलेली असे. सुनेला तिने कधी विचारलं नाही. मी पाटावर बसल्याचा आवाज आला की मगच ती विचारायची, "निळी आहे ना रे आज?"

आणि मी घास घेण्याआधी वाकून बघायचो आणि हो म्हणायचो.